जुना पिकअप ॲव्हरेज देत नाही? पंप खोलण्याआधी या चुका टाळा

डिझेल जास्त लागायला लागलं की पहिला संशय इंजिनला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर आणि ते फवारणाऱ्या नोझलवर जातो. पैसा तिथंच बुडतो, कारण दोष बहुतेक वेळा स्वस्तातल्या जागी असतो.

डिझेलच्या काट्यावरून अंदाज बांधू नका. टाकी कट होईपर्यंत भरा, किलोमीटर लिहा, रोजच्या कामात 300-400 किलोमीटर चालवा आणि त्याच पेट्रोल पंपावर पुन्हा कटपर्यंत भरा. 380 किलोमीटरला 34.5 लिटर बसलं, तर ॲव्हरेज 11. सोयाबीनचे कट्टे घेऊन लातूरच्या आडतीवर जातानाचा आणि रिकामं परततानाचा आकडा वेगळा येणारच, म्हणून पूर्ण फेऱ्याच मोजा. मोठ्या मापाचे टायर टाकले असतील तर मीटर किलोमीटर कमी दाखवतो, हेही लक्षात ठेवा.

एअर फिल्टर पुस्तकातल्या मुदतीवर सोडणं ही आपल्याकडची मोठी चूक. शेतवाटेचा फुफाटा आणि जिनिंगमधली कापसाची तूस त्याला लवकर कोंडते. हंगामात दर आठवड्याला उघडून बघा. हवा आतून बाहेर, कमी दाबाने मारा. जोराच्या हवेने कागद फाटतो आणि धूळ थेट लायनरपर्यंत, म्हणजे पिस्टन फिरतो त्या नळीपर्यंत जाते. फिल्टर काढून गाडी पळवणं तर इंजिनच्याच जिवावर बेततं. एअर फिल्टर ऑइल भरायच्या जातीचा असेल तर गाळ काढून खुणेपर्यंतच ऑइल भरा.

ब्रेक धरून राहिलाय का, हे फार कमी जण तपासतात. मोकळ्या रस्त्यावर 10-15 किलोमीटर चालवा, शेवटी ब्रेक कमीत कमी दाबा आणि प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा, चिकटवू नका, भाजेल. एकच चाक जास्त तापलं असेल तर ते जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना उटी, म्हणजे दगड किंवा ठोकळा लावा, गाडी न्यूट्रल करून हँडब्रेक सोडा. चाक हाताने सहज फिरलं नाही तर जाम झालेला व्हील सिलिंडर, थकलेली शू स्प्रिंग किंवा अडकलेली हँडब्रेक केबल शोधा.

टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना, कंपनीच्या पट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरा. लोडचा आकडा वेगळा असतो. मे महिन्याच्या दुपारी दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडली, की सकाळी टायर कमीच भरतो.

उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकायची सवयही महागात पडते. इंजिन नीट गरम होत नाही, डिझेल पुरतं जळत नाही. त्याऐवजी रेडिएटरच्या जाळीतला भुसा आणि किडे इंजिनच्या बाजूने हलक्या पाण्याने बाहेर काढा.

चढावर टॉपला स्पीड न वाढता नुसतं इंजिन ओरडत असेल तर क्लच प्लेट घसरतेय.

एवढं करूनही लोडवर काळा धूर येत असेल, तर टर्बोच्या, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या भागाच्या होसच्या (रबरी नळीच्या) जोडांवर तेलाचे ताजे डाग बघा. तिथून हवा निसटते. होस ठीक असेल तरच नोझल काढून टेस्टिंग मशीनवर दाब आणि फवारा तपासून घ्या. परत बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवाच टाका. दबलेल्या जुन्या वॉशरमधून कॉम्प्रेशन निसटतं.