आफ्रिकेतल्या एचआयव्हीच्या आकड्यांवर काम करताय? या चुका टाळा

एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) शोधनिबंधांचा हंगाम आला की ठरलेला प्रकार सुरू होतो. कुणीतरी झांबियाचा नाहीतर मलावीचा डीएचएस (घरोघरच्या आरोग्य सर्वेक्षणाचा) डेटा उतरवून घेतं, आठवडाभरात लॉजिस्टिक रिग्रेशन हे संख्याशास्त्रीय विश्लेषण चालवतं आणि ‘श्रीमंत घरांत एचआयव्ही जास्त’ असा शोध घेऊन येतं. रिग्रेशनमध्ये काही बिघडलेलं नसतं. पण आकडा कुणाच्या रक्तातून आला, कुठल्या किटवर आला आणि तपासणीच्या दिवशी घरी कोण नव्हतं, हे विचारलेलंच नसतं. खालच्या बहुतेक चुका तिथूनच निघतात.

प्रिव्हलन्स वाढला, म्हणजे साथ वाढली

दक्षिण आफ्रिकेच्या घरोघरच्या सर्वेक्षणात 2008 साली 10.6 टक्के लोकांना एचआयव्ही होता, 2012 साली 12.2 टक्के. प्रिव्हलन्स म्हणजे हेच, एका वेळी संसर्ग असलेल्यांचं प्रमाण. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘प्रतिबंध फसला’ लिहिणारे अजूनही भेटतात. त्या चार वर्षांत एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली. जे दगावले असते ते जगले आणि पुढच्या सर्वेक्षणात पॉझिटिव्ह म्हणून मोजले गेले. नवे संसर्ग कमी होत असतानाही प्रिव्हलन्स चढू शकतो.

मी आधी 15 ते 24 वयोगट वेगळा काढतो, त्यातही मुली आणि मुलगे वेगळे, आणि शेजारी त्याच वर्षाचं एआरटीचं प्रमाण ठेवतो. या वयातला संसर्ग बहुधा अलीकडचा असतो. बहुधाच म्हणायचं, कारण जन्मतः संसर्ग झालेली आणि औषधांमुळे जगलेली मुलं आता याच गटात आली आहेत.

‘मग सरळ इन्सिडन्सच (नव्या संसर्गांचा दर) काढू की’ असं म्हणून लोक रीसेन्सी टेस्टकडे, म्हणजे संसर्ग अलीकडचा आहे का ते सांगणाऱ्या चाचणीकडे, धावतात. तिथे दुसरा खड्डा आहे. संसर्ग नवा की जुना हे अँटिबॉडीच्या पकडीवरून ठरवायचं. पण एआरटी घेणाऱ्याच्या अँटिबॉडी उतरतात आणि जुना संसर्ग नवा दिसतो. बीईडी या जुन्या रीसेन्सी टेस्टने असे फुगवलेले आकडे दिल्यावर 2005 च्या अखेरीस यूएनएड्सच्या तज्ज्ञगटाला तिच्यावरून इन्सिडन्स काढू नका असं सांगावं लागलं. आता एलएजी ही नवी रीसेन्सी टेस्ट वापरतात, आणि तीही एकटी नाही. ओडी (चाचणीतलं अँटिबॉडीचं माप) 1.5 किंवा कमी, व्हायरल लोड (रक्तातल्या विषाणूचं प्रमाण) 1000 किंवा जास्त आणि रक्तात एआरटीचा मागमूस नाही, या तिन्ही अटी जुळल्या तरच संसर्ग ‘अलीकडचा’.

हिशेब कागदावर करून बघा. 10,000 प्रौढ तपासले, त्यातले 1000 पॉझिटिव्ह. वर्षाला 0.5 टक्के नवे संसर्ग आणि ‘अलीकडचा’ म्हणजे सरासरी 130 दिवस धरले, तर 9000 निगेटिव्ह लोकसंख्येमागे खरे अलीकडचे संसर्ग सापडतील साधारण 16. आता 1000 जुन्यांपैकी फक्त 1 टक्का चुकून ‘अलीकडचे’ ठरले तरी 10 जण आत घुसले. सोळा खऱ्यांत दहा खोटे! आणि लोक याच 26 जणांची जिल्हावार वाटणी करून रंगीत नकाशा छापतात.

‘त्यांनी सांगितलं’ म्हणजे ‘तसं झालं’

या चुकीने करोडो डॉलरच्या औषध-चाचण्या (ट्रायल) झोपवल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर.

व्हॉइस चाचणीत दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या 5029 स्त्रिया होत्या. एचआयव्ही होऊ नये म्हणून रोज औषधाची गोळी घ्यायची किंवा जेल लावायचं. याला प्रेप म्हणतात. स्त्रियांच्या सांगण्यावरून आणि परत आणलेल्या गोळ्या मोजून, डोस नियमित घेतल्याचं प्रमाण 90 टक्क्यांच्या आसपास निघत होतं. तरी दर 100 स्त्री-वर्षांमागे (100 स्त्रिया वर्षभर पाहिल्या तर) 5.7 नवे संसर्ग होतच राहिले. मग साठवलेलं रक्त तपासलं. औषध सापडलं जेमतेम 25 ते 30 टक्के नमुन्यांत. फेम-प्रेप चाचणीतही तीच तऱ्हा: 95 टक्के स्त्रिया म्हणत होत्या की गोळी नेहमी किंवा बहुतेक वेळा घेतो, आणि औषध सापडलं 40 टक्क्यांहून कमी जणींत.

‘बायका खोटं बोलल्या’ एवढ्यावर विषय संपवू नका. दर महिन्याला तपासणी, मोफत उपचार, आपुलकीने बोलणारी नर्स, वर प्रवासखर्च. यातलं काही जाईल असं वाटलं की माणूस समोरच्याला हवं ते उत्तर देतो. घरात एचआयव्हीच्या गोळ्यांची बाटली दिसली तर नवरा, सासू, शेजारी काय म्हणतील, ही भीती वेगळीच. मोजून परत आलेल्या गोळ्यांवरून कळतं ते एवढंच, की बाटलीत किती उरल्या. बाकीच्या कुठे गेल्या ते कळत नाही.

हे रक्त तपासलं नसतं तर ‘आफ्रिकन स्त्रियांमध्ये प्रेप चालत नाही’ असा शेरा कायमचा बसला असता. केनिया आणि युगांडातल्या जोडप्यांच्या पार्टनर्स प्रेप चाचणीत, जिथे गोळी खरंच घेतली जात होती, तिथे टेनोफोव्हिर या एका औषधाने संसर्ग 67 टक्क्यांनी आणि दोन औषधांच्या गोळीने 75 टक्क्यांनी कमी केला.

लैंगिक वर्तनाचे प्रश्न याहून नाजूक. योनीतल्या नमुन्यात पीएसए (वीर्यातलं एक प्रथिन) सापडला, तर गेल्या दोन दिवसांत वीर्याशी संपर्क आला होता हे जवळपास नक्की. झिम्बाब्वेतल्या एका अभ्यासात पीएसए सापडलेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांनी ‘संबंध आला नाही’ किंवा ‘कंडोम वापरला’ असं सांगितलं होतं. म्हणून ‘नेहमी वापरता का?’ असं विचारू नका. ‘शेवटच्या वेळी वापरला होता का?’ असं विचारा. प्रश्नावलीत हे प्रश्न पहिल्या पानावर टाकू नका. जमत असेल तर हेडफोन लावून स्वतः उत्तर टिपता येईल अशी सोय करा. आणि निदान एका उपगटात तरी पीएसए किंवा औषधाची पातळी मोजा. पैसे नाहीत म्हणता? मग सँपल कमी करा, पण मोजा.

अशा चुकीच्या उत्तरांचा उपद्रव सरासरी बिघडण्यापुरता नसतो. डीएमपीए या गर्भनिरोधक इंजेक्शनने एचआयव्हीचा धोका 40-50 टक्के वाढतो, असं निरीक्षणात्मक अभ्यासांतून वर्षानुवर्षं दिसत होतं. इंजेक्शन घेणारी स्त्री कंडोम कमी वापरते, आणि नेमकं कंडोमचंच उत्तर कच्चं. मग ‘कंडोमसाठी अ‍ॅडजस्ट केलं’ याला अर्थ काय उरतो? शेवटी इको चाचणीत चार देशांतल्या 7829 स्त्रियांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशी साधनं वाटून दिली. 2019 साली निकाल आला: डीएमपीए, तांबी आणि इम्प्लांट यांत मोठा फरक नाही. मात्र तिन्ही गट मिळून दर 100 स्त्री-वर्षांमागे 3.81 संसर्ग. हा आकडा कुणालाच बरा वाटणारा नव्हता.

किटवरची रेघ म्हणजे निदान

99 टक्के स्पेसिफिसिटी (संसर्ग नसलेल्यांना निगेटिव्ह दाखवण्याचं प्रमाण) ऐकायला छान वाटते. 1 टक्का प्रिव्हलन्स असलेल्या 10,000 लोकांत तिचा अर्थ 99 खोटे पॉझिटिव्ह, जवळपास खऱ्यांइतकेच. म्हणून 2019 पासून डब्ल्यूएचओ पॉझिटिव्ह निदानासाठी लागोपाठ तीन रिअ‍ॅक्टिव्ह (पॉझिटिव्ह आलेल्या) चाचण्या मागते. पहिल्या दोन जुळल्या नाहीत म्हणून तिसरीला पंच करून ‘तीनपैकी दोन’ असा कौल घेणं बंद करा. पुसट रेघ असेल तर ठरलेल्या वेळेतच वाचा. डिटरमाइन किट 15 मिनिटांआधी नाही आणि 60 मिनिटांनंतर नाही. दुपारच्या जेवणानंतर टेबलावर सापडलेली पट्टी फेकून द्यायची असते.

एचएसव्ही-2 (जननेंद्रियांच्या नागिणीचा विषाणू) साठी हर्पसिलेक्ट ही रक्तचाचणी वापरणाऱ्यांनी कंपनीचा 1.1 कटऑफ डोळे मिटून घेऊ नये. आफ्रिकेतल्या सीरममध्ये तो खोटे पॉझिटिव्ह भरपूर देतो, म्हणून बरेच जण 3.5 च्या आसपासचा धरतात. थोडी सेन्सिटिव्हिटी (खरे संसर्ग पकडण्याची क्षमता) जाते, जाऊ द्या.

सिफिलिसमध्ये आरपीआर आणि ट्रेपोनिमल रॅपिड या दोन वेगळ्या रक्तचाचण्यांचे आकडे एकाच आलेखात जोडू नका. ट्रेपोनिमल चाचणी बरं झाल्यावरही बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते. दवाखान्याने किट बदललं की त्या वर्षी ‘साथ’ येते. आरपीआर हातानेच करत असाल तर 50 मायक्रोलिटर सीरम, 100 आरपीएमवर 8 मिनिटं, आणि सुईतून मिलिलिटरला 60 थेंब पडतात की नाही ते मोजून घ्या. अँटिजेन फ्रिजमधून काढून लगेच वापरला तर प्रतिक्रिया मंदावते.

ओपीडीतल्या ‘योनिस्राव’ नोंदींना गनोरिया-क्लॅमिडिया समजू नका. त्यातल्या बऱ्याच बीव्ही (योनीतल्या जिवाणूंचं बिघडलेलं संतुलन) किंवा कँडिडा बुरशीच्या असतात, आणि खऱ्या संसर्गांपैकी बहुतेकींना लक्षणंच नसतात.

गरोदर स्त्रिया म्हणजे सगळा देश

हा धडा आपल्याकडेही गिरवला गेलाय. एनएफएचएस-3 (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण) मध्ये घरोघरी रक्त तपासल्यावर, प्रामुख्याने गरोदर स्त्रियांच्या तपासणीवर बेतलेला भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा अंदाज 57 लाखांवरून 25 लाखांवर आला, आणि 2007 साली यूएनएड्सने जगाचा आकडा 3 कोटी 95 लाखांवरून 3 कोटी 32 लाखांवर आणला, त्यात मोठा वाटा भारताचाच. आफ्रिकेत गुंता आणखी आहे. कोवळ्या वयात एएनसीचा (गरोदरपणातल्या तपासणीचा) आकडा जास्त दाखवतो, कारण गरोदर मुलीचा संबंध आलेलाच असतो. मोठ्या वयात तो कमी दाखवतो, कारण एचआयव्हीने गर्भधारणा घटते. सरसकट एका गुणकाने भागून हे सुटत नाही.

एका चाचणीवर देश चालवणं

टांझानियातल्या म्वांझात लक्षणांवरून एसटीआयचे (लैंगिक संबंधातून होणाऱ्या संसर्गांचे) उपचार सुधारले आणि एचआयव्हीचे नवे संसर्ग सुमारे 40 टक्क्यांनी घटले. हे 1995 साली छापून आलं आणि सगळे तिकडे धावले. 1999 साली युगांडातल्या राकाईचा निकाल आला. तिथे दर 10 महिन्यांनी घरोघरी सामूहिक उपचार दिले होते, आणि फरक शून्य. म्वांझात एचआयव्ही 4 टक्क्यांच्या आसपास, राकाईत 16. एकीकडे सतत उपलब्ध दवाखाना, दुसरीकडे अधूनमधून गोळ्या. साथीचा टप्पा, उपचाराची पद्धत आणि एचएसव्ही-2 चा वाटा न लिहिता ‘एसटीआय उपचाराने एचआयव्ही घटतो’ किंवा ‘घटत नाही’ असं एका वाक्यात लिहिणाऱ्याचा पेपर मी तिथेच मिटतो.

किरकोळ वाटणाऱ्या, पण किरकोळ नसलेल्या

जोडीदार पॉझिटिव्ह आहे म्हणून संसर्ग त्याच्याकडूनच आला असं गृहीत धरू नका. एचपीटीएन 052 या जोडप्यांच्या ट्रायलमध्ये (आफ्रिकेतल्या केंद्रांबरोबर पुणंही होतं) 2011 पर्यंतच्या 39 संसर्गांपैकी 28 चाच विषाणू जोडीदाराच्या विषाणूशी जुळला.

सुंता झाली का, हे नुसतं विचारू नका. लेसोथोत दीक्षाविधीतून आलेला पुरुष ‘हो’ म्हणतो, पण त्वचा पुष्कळदा पूर्ण काढलेली नसते.

घरी न सापडलेले आणि रक्त द्यायला नकार देणारे पुरुष ‘मिसिंग अ‍ॅट रँडम’ (निव्वळ योगायोगाने गळलेले) नसतात. झांबियाच्या 2007 च्या सर्वेक्षणात ही गळती वेगळ्या मॉडेलने धरल्यावर पुरुषांचा प्रिव्हलन्स 12 वरून 21 टक्क्यांवर गेला. त्या मॉडेलवर वाद घाला, पण गैरहजेरीचा तक्ता छापा.

तपासणीसाठी वाळवायचे रक्ताचे थेंब कार्डावर एकावर एक टाकू नका. रात्रभर आडवं वाळवा. पिशवीतलं आर्द्रता कार्ड गुलाबी झालं की सिलिका बदला.

डीएचएसमध्ये एचआयव्हीची फाइल वेगळी असते आणि वेटही (सँपलचा भारांक) वेगळा: एचआयव्ही05, दहा लाखांनी भागून. व्ही005 (मुलाखतीचा वेट) लावून ‘रिझल्ट जुळत नाही’ म्हणून ईमेल पाठवू नका. क्लस्टर (सर्वेक्षणासाठी निवडलेली वस्ती), घर आणि घरातल्या माणसाची ओळ, तिन्हींच्या क्रमांकांवर जोडणी करा आणि जोडल्यावर ओळी मोजा. जीपीएसचे बिंदू मुद्दाम सरकवलेले असतात, शहरात 2 किलोमीटरपर्यंत, खेड्यात 5 पर्यंत आणि खेड्यातल्या 1 टक्का क्लस्टरांत 10 पर्यंत. त्यामुळे दवाखान्याचं अंतर दशांश चिन्हानंतर दोन आकडे देऊन लिहू नका. 10 किलोमीटरचे पट्टे पाडा.