घरकुल वस्तीचा रस्ता ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कसा बसवायचा

घरकुल मंजूर झालं की घराचे पैसे येतात, घरापर्यंतच्या रस्त्याचे येत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणचं सपाट भागातलं 1,20,000 रुपयांचं अनुदान बांधकामापुरतं असतं. रमाई, शबरी या घरकुलांचंही तेच. घरं गावाच्या कडेला मिळेल त्या जागेवर उभी राहतात, पहिल्या पावसात गुडघाभर चिखल होतो आणि मग सगळे जूनमध्ये सरपंचांच्या दारात जातात. जूनमध्ये फार तर दोन ट्रॉली मुरूम पडतो. पुढच्या वर्षाचा ग्रामपंचायत विकास आराखडा, म्हणजे ‘आमचं गाव आमचा विकास’चा आराखडा, साधारण 2 ऑक्टोबर ते 31 जानेवारी या काळात तयार होतो. रस्ता मिळवायचा असेल तर दिवाळीच्या आगेमागे कामाला लागा.

1. आधी जागा कोणाची ते पाहा

ग्रामपंचायतीत नमुना 23 नावाची नोंदवही असते. पंचायतीच्या ताब्यातल्या रस्त्यांची यादी तिच्यात असते. तुमची वाट तिथे आहे का, हे ग्रामसेवकांना (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) विचारा. नसेल तर वाट कोणत्या गटातून जाते ते पाहून त्याचा सातबारा काढा.

इथे तीन शक्यता असतात. जागा गावठाणात असेल तर प्रश्न मिटला. खासगी असेल तर मालकाचं बक्षीसपत्र किंवा निदान लेखी संमतीपत्र लागतं, कारण खासगी जमिनीवर सरकारी पैसा खर्च करता येत नाही. तोंडी ‘जाऊ द्या की, आपलीच माणसं आहेत’ यावर विसंबू नका. जमीन विकली गेली की नवा मालक तारेचं कुंपण घालतो. आणि गायरान असेल तर जमीन सरकारची, पंचायत फक्त राखणदार. सामाईक जमिनींवरच्या अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल आल्यापासून महसूल खातं गायरानाच्या बाबतीत हात राखूनच असतं, तेव्हा तहसील कार्यालयातला पत्रव्यवहार आधीच सुरू करा.

2. पैसा कुठल्या खिशातून येणार?

‘निधी नाही’ हे उत्तर अर्धवट असतं. कोणता निधी नाही, हे विचारावं. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-26 या काळातल्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखीव, आणि 40 टक्के अबंधित होती. रस्ता फक्त अबंधित भागातून होतो. पण सांडपाण्याची गटार स्वच्छतेत मोडू शकते, म्हणून गटार बंधितातून आणि रस्ता अबंधितातून, अशी मागणी मांडली तर थोड्या पैशात काम बसतं. एप्रिल 2026 पासून सोळाव्या वित्त आयोगाचा काळ, त्यामुळे चालू वाटणी किती ते पंचायतीत विचारून घ्या.

वस्ती अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांची असेल तर समाजकल्याण विभागाची वस्ती विकास योजना आहे, आदिवासी वस्तीला ठक्कर बाप्पा योजना, तांड्याला तांडा वस्ती सुधार. याखेरीज गावात ज्याला सगळे ‘पंचवीस-पंधरा’ म्हणतात तो ग्रामविकास विभागाचा निधी आणि आमदार निधी. हे लोकप्रतिनिधीच्या पत्रावर हलतात, हे उघड आहे. पत्र मागायला लाजू नये. मात्र कोणत्याही खिशातून पैसा यायचा असला तरी ग्रामपंचायतीचा ठराव पुढे करावाच लागतो.

3. ग्रामसभा आणि ठरावाची भाषा

वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. बहुतेक गावांत त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी किंवा त्यांच्या आसपास भरतात. सूचना सात दिवस आधी लागते. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. गणपूर्ती न झाल्यामुळे तहकूब झालेल्या सभेला ही अट राहत नाही, आणि खरे निर्णय बऱ्याचदा तिथेच, पंधरा-वीस माणसांत होतात. म्हणून तहकूब सभेची तारीख विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. नियमित सभेआधी महिलांची सभा होते. पाण्याचा हंडा आणि शाळेतलं पोर घेऊन त्याच चिखलातून जाणाऱ्या बायकांनी विषय तिथे मांडला तर पुढच्या सभेत तो उडवून लावणं अवघड जातं.

विषय सभेच्या आधी लेखी द्या आणि पोच घ्या. ठरावात ‘घरकुल वस्तीत रस्ता करणे’ एवढंच लिहिलं की काम कुठेही होऊ शकतं. आपल्याकडे कामांची नावं ‘अमक्याचे घर ते तमक्याचे घर’ अशी पडतात. घराला नंबर लागला, मालक बदलला की तेच काम दुसऱ्या नावाने दुसऱ्या निधीत पुन्हा दाखवता येतं. तेव्हा न हलणाऱ्या खुणा घ्या: ‘गट क्रमांक अमुक, मारुती मंदिराजवळील हातपंप ते घरकुल वस्तीतील शेवटचा विजेचा खांब, लांबी 100 मीटर, रुंदी 3 मीटर, सिमेंट काँक्रीट रस्ता व एका बाजूस गटार.’ सूचक आणि अनुमोदक कोण तेही नोंदवा. सभा संपण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगा आणि नंतर ठरावाची प्रत मागा. काम आराखड्यात चढलं का, हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर गावाचं नाव टाकून मोबाइलवरही दिसतं.

4. अंदाजपत्रक: खरी मेख इथे

पुढे शाखा अभियंता जागा पाहायला येतात, अंदाजपत्रक बनतं, तांत्रिक मान्यता होते. अभियंता येतील त्या दिवशी वस्तीतलं कोणीतरी सोबत हवंच. दोन गोष्टी जागेवर दाखवा.

पहिली, चौथऱ्याची उंची. जुन्या मुरमावरच थर टाकत गेलं की रस्ता सहा-आठ इंच वर येतो आणि पाऊस थेट उंबऱ्यात. आधी खोदाई करून पातळी खाली घ्या, उतार गटारीकडे द्या, हे अंदाजपत्रकात बाब म्हणून यायला हवं. तोंडी कबूल केलेलं ठेकेदाराला बांधील नसतं.

दुसरी, पाण्याची पाइपलाइन. जलजीवनची नळजोडणी बाकी असेल तर ती आधी होऊ द्या. काँक्रीट झाल्यावर महिनाभरात कटर फिरलेले रस्ते प्रत्येक तालुक्यात सापडतात.

5. काम चालू असताना

जागेवर कामाचा फलक मागा: कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदार, मुदत. मग टेप घ्या. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद रस्त्याला 15 सेंटिमीटर जाडी म्हणजे 45 घनमीटर काँक्रीट. जाडी 10 सेंटिमीटर पडली तर 30 घनमीटर. एक तृतीयांश माल कागदावरच राहिला, आणि वरून रस्ता तितकाच गुळगुळीत दिसतो. जाडी कडेला, फळी लावलेली असतानाच मोजता येते. फळी निघून साइडपट्टीला माती ओढली की संपलं. टेप धरलेला फोटो तारखेसह काढून ठेवा.

पाणी मारणं हा दुसरा मुद्दा. मातीचे वाफे करून दोन आठवडे पाणी उभं राहिलं पाहिजे. सकाळी एक बादली शिंपडणं म्हणजे पाणी मारणं नव्हे. टँकरचा खर्च ठेकेदाराचा आहे. वस्तीच्या नळाचं पाणी त्यासाठी द्यायचं कारण नाही.

6. बिल निघण्याआधी

खोट दिसली तर ग्रामपंचायतीला आणि गटविकास अधिकाऱ्यांना लेखी कळवा, पोच ठेवा. वेळ महत्त्वाची आहे: अंतिम देयक निघायच्या आत तक्रार गेली तर दुरुस्ती करून घेणं सोपं जातं. माहिती अधिकारात 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून नमुना 20 मधला अंदाज, मोजमाप वही आणि देयक मागा; 30 दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील. कायद्यातलं कलम 2(ञ) प्रत्यक्ष कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क देतं, तो फारसं कोणी वापरत नाही.

काम पूर्ण झाल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधी किती, हे करारातून टिपून घ्या. त्या मुदतीत तडे गेले, खड्डे पडले तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचे असतात, आणि त्याची अनामत रक्कम तोवर अडकलेली असते. मुदत संपायच्या दोन महिने आधी वस्तीत एक फेरी मारा, प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढा आणि दुरुस्तीची मागणी करणारं पत्र आवक क्रमांक घेऊन पंचायतीत द्या.