मशीन परदेशी पाठवताय? आधी टेप घ्या, आणि या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार, नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी. एक जॉ क्रशर (दगड फोडायचं मशीन) चाळीस फुटी हाय क्यूब, म्हणजे जास्त उंचीच्या, कंटेनरात घालायचा होता, जाणार होता केनियातल्या मोंबासाला. कॅटलॉगमध्ये उंची २.५० मीटर, हाय क्यूबचं दार साधारण २.५८ मीटर. आठ सेंटिमीटर मोकळे आहेत म्हणून मी निवांत. मशीन दाराशी आलं आणि टेकलं. खाली ठोकलेलं लाकडी स्किडच, म्हणजे बैठकच, १० सेंटिमीटर जाड होतं. हायड्रा क्रेनवाला खाली उतरला, वर बघितलं, खाली बघितलं. "काहून भाऊ, मोजलं नव्हतं का?"

नव्हतं. बेल्टवरचं गार्ड खोलून मशीन आत गेलं खरं, पण त्या हप्त्याचं जहाज हुकलं.

तेव्हापासून कॅटलॉगवर मी बुकिंग करत नाही. कॅटलॉगमधली उंची उघड्या मशीनची असते. स्किड, सायलेन्सर, उचलायच्या कड्या, शिवाय फोर्कलिफ्टने आत ढकलताना वर उचलायचे दोन-चार सेंटिमीटर, हे सगळं धरून मोजा. वीस फुटी साध्या कंटेनरचं दार तर २.२८ मीटरच असतं. बसत नसेल तर ओपन टॉप (वरून उघडा) किंवा फ्लॅट रॅक (बाजूच्या भिंती आणि छत नसलेला) कंटेनर आधीच सांगा. दोन दिवस आधी मागितला तर मिळेलच असं नाही.

रस्त्याचंही तेच. लो-बेडवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, चढवल्यानंतर जमिनीपासून मोजायचं. पुलावरच्या पाटीवरची उंची पाटी लावली त्या दिवशीची. त्यानंतर खाली डांबराचे किती थर पडले ते पाटी सांगत नाही. रूट सर्व्हे म्हणजे गुगल मॅप नव्हे. ज्या ड्रायव्हरला ट्रेलर न्यायचा आहे त्यालाच आधी फिरवून आणा, आणि सर्व्हे सीमेवर संपवू नका. बिहारच्या सीमेवरच्या रक्सौलपर्यंत सपाट रस्ता असतो, पण नेपाळातली साइट डोंगरात असेल तर वळणं पलीकडच्या वीरगंजच्या पुढे सुरू होतात.

आता ई-वे बिल, म्हणजे माल रस्त्याने नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद. यात नागपूरचे अनुभवी लोकही फसतात. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, ओडीसीला, म्हणजे मापाबाहेरच्या मोठ्या मालाला, २० किलोमीटरला एक. नागपूर ते न्हावा शेवा अंदाजे ८५० किलोमीटर धरा: साध्या मालाचे पाच दिवस, ओडीसीचे त्रेचाळीस. ऑफिसातल्या पोराने सवयीने 'रेग्युलर' निवडलं की हायड्रॉलिक अ‍ॅक्सल ट्रेलर अजून विदर्भातच आणि बिल संपलेलं. मुदत वाढवता येते, पण ती संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढ्यातच. बिल मध्यरात्री संपतं. गाडी रात्री ढाब्यावर थांबलेली असेल, तर ऑफिस उघडेपर्यंत ती सगळी वेळ गेलेली असते. वाटेत पुलर (ट्रेलर ओढणारी गाडी) बदलला तर बिलातला गाडी नंबर आणि ओडीसीची परवानगी, दोन्हीकडे बघा.

वजन अंदाजाने लिहू नका. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन, म्हणजे व्हीजीएम, दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही, आणि ते देणं माल पाठवणाऱ्याचं काम आहे, सीएचएचं (कस्टम्स एजंटाचं) नाही. धरमकाट्याची पावती घ्या.

लाकूड. हे मला सगळ्यात जास्त छळतं. बाहेर जाणाऱ्या पॅकिंगच्या लाकडाला आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का लागतो. हीट ट्रीटमेंटमध्ये लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, सलग ३० मिनिटं. पेटी सगळे शिक्क्याची घेतात. मग शेवटच्या क्षणी मशीन जरा हलतंय असं दिसतं, आणि कोणीतरी यार्डाच्या कोपऱ्यातून बाभळीचा ओंडका आणून पाचर ठोकतो. चांगल्या मनानेच ठोकतो! पण कच्च्या लाकडाची, साल असलेली ती एक पाचरही याच नियमात येते, आणि तिकडचा क्वारंटाइनवाला, म्हणजे कीड तपासणारा अधिकारी, तिच्यासाठी अख्खा कंटेनर अडवू शकतो. स्टफिंगच्या (कंटेनर भरायच्या) वेळी शिक्क्याचे चार-सहा गुटके जास्तीचे जवळ ठेवा आणि दार बंद करण्याआधी स्वतः आत डोकावा.

कागदात दोन गोष्टी. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा नंबर) नागपूरच्या आयसीडीत (बंदरापासून दूरच्या कस्टम्स डेपोत) नोंदवला म्हणजे न्हावा शेवालाही चालतो असं नाही. ज्या ठिकाणाहून शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्स अर्ज) भरणार तिथे तो लागतो. दुसरी, मशीन भाड्याने जाऊन परत येणार असेल तर चॅसी आणि इंजिन नंबर शिपिंग बिलात आणि पॅकिंग लिस्टमध्ये प्लेटवर आहेत तस्सेच लिहा. परत येताना तेच मशीन आहे हे दाखवता आलं नाही तर आपल्याच मशीनवर ड्युटी भरायची पाळी येते. प्लेटवर ग्रीस असतं, म्हणून लोक जुन्या इन्व्हॉइसवरून नंबर उतरवतात. चिंध्या घ्या, पुसा, फोटो काढा.

विमा 'ऑल रिस्क' घेतला तरी कमकुवत पॅकिंगमुळे झालेलं नुकसान त्यात सहसा येत नाही. लॅशिंगचे (मशीन बांधल्याचे) फोटो ठेवा. मशीन वापरलेलं असेल तर खालच्या ट्रॅकच्या पट्ट्यातली माती प्रेशरने धुऊन काढा, ऑस्ट्रेलियाला जात असेल तर दोनदा.

आणि किल्ली. एक एक्सकॅव्हेटर आमच्या ओळखीत सगळे कागद चोख घेऊन वीरगंजला पोचला, ट्रेलरवरून उतरवायची वेळ आली, तेव्हा किल्ली बुटीबोरीत मालकाच्या टेबलाच्या खणात होती.