'द्या ढकलून, आपोआप येतं!' पोहायला शिकताना या चुका टाळा

एप्रिल लागला की आमच्या तलावावर फॉर्मसाठी रांग लागते आणि रांगेतल्या निम्म्या पालकांचा एकच प्रश्न असतो, "मॅडम, किती दिवसांत येईल?" पंधरा दिवसांचं पॅकेज, एकवीस दिवसांची गॅरंटी असल्या पाट्या गावभर लागलेल्या असतात, तेव्हा त्यांना तरी काय बोलायचं! मी अठ्ठावीस उन्हाळे लेडीज बॅच आणि छोट्यांची बॅच घेते आहे. माझ्याकडे गॅरंटी नाही, असं सांगितलं की काही जण फॉर्म परत घेऊन जातात. जाऊ देते.

खालच्या चुका मी दरवर्षी बघते. त्यातल्या एकदोन माझ्याही हातून झाल्या आहेत.

'द्या ढकलून, मारेल हातपाय'

सगळ्यात जुनी चूक, आणि माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवणारी. प्रत्येक घरात एक काका असतो. तो छाती काढून सांगतो, "आम्हाला आमच्या वडलांनी विहिरीत फेकलं, आलो की नाही वर?" आले ते सांगायला आले. ज्यांना त्यानंतर पाण्याकडे बघवत नाही ते पारावर बसून या गोष्टी सांगत नाहीत. ते चाळीस वर्षांनी माझ्या बॅचला येतात.

अशाच एक बाई आल्या होत्या. वय ५२, शाळेत शिकवणाऱ्या, बोलायला खमक्या. पायऱ्यांवरून कमरेइतक्या पाण्यात उतरल्या आणि स्टीलची दांडी जी धरली ती पाऊण तास सोडली नाही. बोटांची पेरं पांढरीफटक. मी मागून जाऊन खांद्याला हात लावला तर किंचाळल्या, "मागून नको!" सगळा तलाव वळून बघायला लागला. ही माझी चूक. अनोळखी माणसाला पाण्यात मागून हात लावू नये, हे मला तोवर कळायला हवं होतं.

नवव्या वर्षी मामाच्या मळ्यात बाई विहिरीत वाकून बघत होत्या आणि मामेभावाने मागून ढकललं. थट्टेतच. लगेच वर काढलं, डोकं पुसलं, सगळे हसले आणि विषय संपला. यांचा संपला नाही. अंघोळीला डोक्यावरून तांब्या घेताना अजून डोळे मिटवत नाहीत, म्हणाल्या.

पहिले अकरा दिवस मी त्यांना पोहण्यातलं काहीही शिकवलं नाही. दांडी धरून चालायचं. मग एका हाताने दांडी धरून. मग हनुवटीपर्यंत पाणी, मग कानापर्यंत. मी कायम त्यांच्या समोर, आणि जे करणार ते आधी तोंडाने सांगून: आता मानेखाली हात घालते, आता काढते. इथेच पुष्कळ शिकवणारे घाण करतात. "धरलंय, धरलंय" म्हणत गुपचूप हात काढून घेतात. समोरचा दोन सेकंद तरंगतो, मग त्याच्या लक्षात येतं आणि तो गटांगळी खातो. त्यानंतर तुम्ही खरोखर धरलेलं असलं तरी त्याला खरं वाटत नाही. सायकल शिकवताना ही युक्ती चालते, कारण सायकलवरून पडलेल्याच्या नाकात पाणी जात नाही.

बाई बाविसाव्या दिवशी उताण्या तरंगल्या. पुढच्या उन्हाळ्यात २५ मीटरचा तलाव या टोकापासून त्या टोकापर्यंत पोहल्या, मधे एकदा दोरी धरून. दोरी धरल्याबद्दल त्याच स्वतःवर चिडल्या होत्या, मी नाही.

"आता या वयात, या दुखण्यात कुठे" म्हणणाऱ्यांसाठी आमच्याच सांगली जिल्ह्यातलं नाव पुरेसं आहे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर उपचाराचा भाग म्हणून पाण्यात उतरले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण घेऊन आले. तुमची गुडघेदुखी मला सांगू नका.

पाण्यात उभं राहायला कुणी शिकवतच नाही

पाय मारायला शिकवतात, हात मारायला शिकवतात, पण आडवं झालेल्या माणसाने परत पायावर यायचं कसं, हे सोडून देतात. "त्यात काय, साडेतीन फूट तर पाणी!"

साडेतीन फुटांतच पावणेसहा फुटी माणूस गटांगळ्या खाताना मी बघितला आहे. हे गृहस्थ रोज जाळीबाहेरून मुलीला सूचना द्यायचे. "पाय सरळ! अगं, डोकं खाली!" मी दोनदा सांगून पाहिलं. मग एका रविवारी फॅमिली बॅचला स्वतः उतरले, काठाला पाय लावून जोरात सुटले आणि पाचसहा फूट छान गेलेही. मग थांबावंसं वाटलं. माणूस थांबताना जे करतो तेच त्यांनी केलं, डोकं वर काढलं. पण पाय अजून मागेच होते. खाली टेकवायला गेले तर फरशीवरून घसरले, तोंड परत पाण्यात. पुन्हा डोकं वर, पुन्हा पाय मागे. तिसऱ्या वेळी हात आडवे पसरून पाणी नुसतं खाली दाबायला लागले, आणि आवाज काही नाही. मुलगी चार फुटांवर होती, तिला वाटलं बाबा मजा करताहेत. मी काखेत हात घालून उभं केलं तेव्हा पाणी त्यांच्या बरगड्यांपर्यंत होतं. बराच वेळ ते खाली त्या पाण्याकडेच बघत राहिले.

म्हणून माझ्या बॅचला दुसऱ्याच दिवशी उभं राहण्याचा तास असतो. पालथे असाल तर आधी गुडघे पोटाशी ओढायचे, दोन्ही तळहातांनी समोरचं पाणी खाली दाबायचं, पाय खाली आले की टेकवायचे आणि डोकं सगळ्यात शेवटी वर. उताणे असाल तर हनुवटी छातीशी, खुर्चीत बसल्यासारखं कमरेत वाकायचं, हातांनी पाणी मागून पुढे ओढायचं. हे किमान वीस वेळा. मुलं कंटाळतात, आया घड्याळ बघतात. बघू देत. ज्याला थांबता येतं तोच पुढे जायला घाबरत नाही, हे मी इतक्या जणांत पाहिलं आहे की यावर वाद घालत नाही.

श्वास कोंडून धरणं

"मॅडम, दम पुरत नाही." पुरतो. तुम्ही जुनी हवा सोडत नाही म्हणून नवीन शिरत नाही. नवशिका पाण्यात तोंड घातलं की गाल फुगवून बसतो. मग तोंड बाहेर आलं की त्या अर्ध्या सेकंदात त्याला हवा सोडायची पण असते आणि घ्यायची पण असते. ते जमत नाही, मग तो डोकं उंच काढतो. डोकं चारपाच किलोचं. ते वर गेलं की पाय खाली. पाय खाली गेले की अख्खा माणूस उभा होतो आणि पोहणं तिथेच थांबतं. लोक मग पायांचे व्यायाम विचारत बसतात. दुखणं नाकात, मलम पायाला.

माझा उपाय साधा आहे. काठ धरा, तोंड पाण्यात घाला आणि भ्रामरी करतो तसा 'हूं' आवाज काढा. हूं म्हणताना हवा नाकातून बाहेरच येते, त्यामुळे पाणी आत शिरत नाही. हवा संपत आली की तोंड बाहेर, तोंडाने श्वास, परत हूं. पोहायला सुरुवात करण्याआधी रोज असे वीस हुंकार, माझ्या जुन्या विद्यार्थिनीसुद्धा घालतात. घाई असलेल्यांनी घरी बादलीत सराव करावा. फक्त नंतर ती बादली रिकामी करा. रांगतं मूल बादलीभर पाण्यातही बुडू शकतं.

याच्या उलटा प्रकार मोठ्या पोरांचा: पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो याची पैज. त्याआधी भराभर दहाबारा श्वास घ्यायचे, कारण कुठल्यातरी व्हिडिओत तसं दाखवलेलं असतं. श्वास घे म्हणून शरीर जी हाकाटी करतं ती मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. भराभर श्वासांनी तो आधीच कमी करून ठेवला की हाकाटी उशिरा होते, आणि तोवर ऑक्सिजन संपून शुद्ध हरपते. चांगला पोहणारा पोरगा असाच गुपचूप तळाला जातो. माझ्या तलावात ही पैज दिसली की त्या दिवशी पोहणं बंद, कपडे करा आणि घरी जा.

दंडाचे फुगे

दंडात घालायचे रंगीत फुगे मला आवडत नाहीत. पोर त्यात उभं लटकतं, आणि उभं लटकायची सवय मोडायला मला महिना जातो. शिवाय आईला वाटतं आता काळजी नाही, आणि ती फोन काढते. फुगा निसटतो, हवा जाते. तो खेळ आहे, सुरक्षेचं साधन नव्हे.

आमच्या गावाकडची पद्धत त्यापेक्षा शहाणी होती. पाठीला पांगाऱ्याचं हलकं लाकूड, भोपळा नाहीतर डबा. पाठीवर बांधल्यामुळे शरीर आडवं राहायचं. मी तासगावाकडच्या विहिरीत रॉकेलचा पाच लिटरचा रिकामा कॅन बांधून शिकले. दादा, म्हणजे माझे वडील, खालच्या पायरीवर बसायचे आणि माझ्या कमरेच्या दोराचं टोक त्यांच्या मनगटाला. मे महिना संपता संपता एकदा कॅन सोडला तर तो जड लागला. झाकण उघडलं तर आत पाणी. दादा रोज एकेक तांब्या जास्त भरत होते, मला न सांगता. शेवटच्या दिवशी कॅन जवळजवळ भरलेला होता. आता तुम्ही म्हणाल, ही पण फसवणूकच की! असेल. पण दोर त्यांनी एक दिवसही सोडला नव्हता.

ज्यांच्याकडे फुगे आहेत त्यांनी निदान हे तरी करावं: एकदम काढू नका, रोज थोडी हवा कमी करा. आणि चारपाच वर्षांच्या आतलं मूल पाण्यात असेल तर मोठं माणूस हात पोहोचेल इतक्या अंतरावर पाण्यातच हवं. काठावर नव्हे, खुर्चीत नव्हे.

बाकीच्या, थोडक्यात

चार दिवसांत चार स्ट्रोक, म्हणजे पोहण्याचे चार प्रकार, मागू नका. आधी तरंगणं, मग काहीही.

काठावरून ओरडणारे आईबाप ही नवशिक्याची सगळ्यात मोठी अडचण आहे. चहा पिऊन या.

शॉवर न घेता उतरू नका. डोळे झोंबतात ते नुसत्या क्लोरीनने नाही. लोकांचा घाम आणि लघवी त्यात मिसळून जे होतं त्याने.

गॉगल पहिल्या दिवसापासून घाला हवं तर, पण आठवड्यातून एकदा काढूनही पोहा. पडलात तर गॉगल घालून पडणार नाही आहात.

सूर मारणं शेवटी. उथळ बाजूला तर कधीच नाही, मान मोडते.

तलावाबाहेर

तलावात वीस फेऱ्या मारणाऱ्याला वाटतं आपल्याला पोहता येतं. तलावात येतं. विहिरीत उतरणार असाल तर मोटर नुसती बंद नको, मेन स्विच पाडा आणि तिथे एक माणूस उभा करा. पाण्यात करंट उतरून माणसं जातात. मागच्या मे महिन्यात जिथून सूर मारला तिथे यंदा पाणी खाली जाऊन खडक वर आलेला असू शकतो. कृष्णेत मगरी आहेत, हे सांगलीकरांना मी सांगायला नको. आणि कोकणात गेलात तर पावसाळ्यात समुद्रात उतरूच नका. एरवी लाटेने आत ओढलंच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहत त्या ओढीतून बाजूला व्हा, मग वळा.

कुणी बुडत असेल तर तो हात हलवून "वाचवा" ओरडेल, या भरवशावर राहू नका. त्या फॅमिली बॅचच्या गृहस्थांसारखा तो गप्प असतो, तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, आणि तुमच्याकडे मिनिटभरही वेळ नसतो. उडी मारू नका. घाबरलेला माणूस वाचवायला आलेल्याच्या डोक्यावर चढतो. दोर टाका, ओढणी टाका, बांबू पुढे करा, रिकामा कॅन फेका. बाहेर काढल्यावर उलटं धरून फिरवणं आणि पोट दाबणं बंद करा, त्यात वेळ जातो आणि पोटातलं अन्न श्वासनलिकेत जातं. श्वास चालू नसेल तर लगेच तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं सुरू करा, दुसऱ्या कुणाला १०८ ला फोन करायला सांगा. हे वाचून येत नाही, एकदा पुतळ्यावर करून बघावं लागतं. आमच्याकडे बॅचच्या शेवटच्या शनिवारी करून घेतो, त्या दिवशी निम्मी बॅच गैरहजर असते.

आणि एक राहिलं. केसांना तेल चोपडून येऊ नका. टोपी सटकते, गॉगल सटकतो, आणि तुमची पाठ धरायला गेलेला माझा हातही सटकतो.