श्वास १८, बीपी १२०/८०: संगणकात व्हायटल्स भरताना या चुका टाळा

आपल्या आरोग्य केंद्राची महिन्याभराची ओपीडी स्क्रीनवर उघडा आणि व्हायटल्समधला (नाडी, श्वास, बीपी, ताप असे आकडे) श्वासाचा रकाना वरून खाली वाचत जा. १८, १८, २०, १८. दमेकरी आजोबा १८ आणि तापाने फणफणलेलं पोरही १८. बीपीचे आकडे बहुतेक शून्यावर संपणारे. मशीन १२७/८३ दाखवतं, बोटं मात्र सवयीने १३०/८० टाकतात. मला सर्वांत जास्त धास्ती याच गुळगुळीत आकड्यांची वाटते. रजिस्टरमध्ये निदान खाडाखोड दिसायची. स्क्रीनवर मोजलेला आकडा आणि अंदाजाने टाकलेला आकडा सारखाच दिसतो, आणि गडचिरोलीला रेफर केलेल्या बाईचा रेकॉर्ड उघडणारा डॉक्टर त्यावर विश्वास ठेवतो.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. मूल शांत असताना, अंगातलं वर करून, छाती-पोटाकडे बघत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पाच वर्षांच्या आतल्याला ४० म्हणजे वेगवान श्वास. पंधरा सेकंद मोजून चौपट केली की एक श्वास चुकला तरी चार चुकतात, आणि ३८ व ४२ यांत उपचाराचा फरक आहे.

बीपी मोजण्याआधीच बिघडतं

मे महिन्यात उन्हातून सायकल दामटत आलेल्या माणसाला आल्या आल्या पट्टा बांधू नका. पाच मिनिटं पाठ टेकवून बसवा, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. आणि विचारा, ‘भाऊ, खर्रा कधी खाल्ला?’ तंबाखूने आणि चहाने बीपी चढतं. अर्धा तास थांबावं लागतं. थांबता आलं नाही, तर शेऱ्यात तसं लिहा.

पट्ट्याकडे आपण फारच कमी बघतो. मोठ्यांचा नेहमीचा पट्टा साधारण २७ ते ३४ सेंटिमीटर घेराच्या दंडासाठी असतो. आपल्याकडच्या कितीतरी बायांचा दंड त्याहून बारीक. त्यांना हाच पट्टा बांधला की बीपी खऱ्यापेक्षा कमी दिसतं. गरोदर बाईच्या बाबतीत ही चूक महागात पडते, कारण तिथे १४०/९० पासून बीपी वाढलेलं धरतात. लहान पट्टा मागवून घ्या.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. रोवणीचा हंगाम होता, ओपीडीत गर्दी. सात महिन्यांची गरोदर ताई आली. मागच्या भेटीचे आकडे एका क्लिकवर पुढे आणायची सोय होती, ती मी वापरली. वजन बदललं, बीपी तसंच राहिलं, ११०/७०. निघता निघता ती म्हणाली, ‘मॅडम, डोकं लय दुखून रायलं.’ म्हणून मोजलं, तर १४८/९६. ती बोलली नसती तर? तेव्हापासून मोठ्या माणसाच्या उंचीशिवाय कुठलाच आकडा मी पुढे आणत नाही. तुम्हीही आणू नका.

रकान्यांची गडबड

ऑक्सिमीटरवर दोन आकडे असतात आणि त्यांची अदलाबदल फार होते: नाडी ९८, ऑक्सिजन ७२. टाकण्याआधी आकड्याजवळची खूण वाचा. लग्नसराईत मेंदीचं बोट टाळा, पायाचा अंगठा चालतो. सिकलसेलच्या (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्णाचा ऑक्सिजन त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघा. फॅरेनहाइटच्या रकान्यात ३८, उंचीत सेंटिमीटरच्या जागी फुटातले ५.२, बाळाचं वजन २.८ ऐवजी २८, हे सॉफ्टवेअर बहुधा अडवतं. पण इशारा आला की न वाचताच ‘ओके’ दाबायची सवय त्यावर पाणी फिरवते. यंत्राची बॅटरी संपली असेल तर शून्य टाकू नका. शून्य हाही आकडाच धरला जातो. रकाना रिकामा ठेवून कारण लिहा. रिकामा रकाना चालतच नसेल, तर तालुक्याला कळवून तो बदलून घ्या.

एका टोल्यावर (पाड्यावर) एकाच नावाच्या तीन बाया सहज सापडतात, आणि घरात मोबाईल एकच, म्हणून नंबरवरूनही चार नावं येतात. चौदा अंकी आभा क्रमांक (सरकारी आरोग्य खात्याचा नंबर) बघा, नाहीतर वय आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव विचारून खात्री करा.

लाइट गेली, नेट गेलं

कागदावर लिहा, पण वेळेसकट. नंतर भरताना सॉफ्टवेअर आपोआप चालू वेळ टाकतं, ती बदला. सकाळी दहाचा १०३ ताप दुपारी चारच्या वेळेने नोंदला गेला, तर पॅरासिटामॉल देऊनही उतरला नाही असंच पुढचा माणूस समजेल. चक्र फिरत राहिलं म्हणून ‘सेव्ह’ पुन्हा पुन्हा दाबू नका; आधी यादी उघडून नोंद झाली का बघा.

चुकीचा आकडा सेव्ह झालाच, तर नोंद पुसू नका. दुरुस्तीच्या पर्यायातून खरा आकडा आणि कारण लिहा. रुग्ण ॲम्ब्युलन्समध्ये निघून गेला असेल, तर तेवढ्यावर थांबू नका, फोन उचला: ‘सिस्टर, आता येणाऱ्या बाईचं बीपी १४८ नाही, १८४ आहे.’