मुलाखतीला उशीर होतो तो आदल्या दिवशीच. या चुका टाळा

संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत भरतीचं काम करताना मला सतरा वर्षं झाली. आयटीआय आणि डिप्लोमा केलेली लेकरं परभणी, हिंगोली, जालना, बीडकडून येतात. उशिरा येणाऱ्यांत आळशी मुलं मी फार थोडी पाहिली. बहुतेक जण पहाटे चारला उठून निघालेले असतात. त्यांचा हिशेब चुकलेला असतो, आणि दरवेळी तोच तोच हिशेब चुकतो. मुलाखतीत काय विचारतात याच्या पीडीएफ सगळ्यांच्या मोबाइलमध्ये असतात, पण गाडी कितीची हे कुणी नीट विचारून ठेवत नाही. याचा मला मनापासून राग येतो.

पहाटेच्या मुक्कामी गाडीवर भिस्त

जिंतूर तालुक्यातल्या एका खेड्यातला मुलगा होता. ट्रेड टर्नर, म्हणजे लेथ मशीनवरचं काम; गुण चांगले. मुलाखत साडेदहाला. गावात रात्री मुक्कामी एसटी येते आणि सकाळी साडेपाचला परत जिंतूरला जाते, तीच धरायची असं त्यानं ठरवलं होतं. त्या रात्री गाडी आलीच नाही. ते त्याला कळलं पहाटे, पारावर येऊन उभं राहिल्यावर. मग दूधवाल्याच्या मोटारसायकलवर मोठ्या रस्त्यापर्यंत, तिथून काळी-पिवळीनं जिंतूर, मग मंठा, जालना, संभाजीनगर. आमच्या गेटवर आला तेव्हा सव्वा वाजला होता. पोटात अन्नाचा कण नव्हता.

आमच्याकडे नुसत्या गप्पांची मुलाखत नसते. लेथवर जॉब करून दाखवावा लागतो, व्हर्नियर-मायक्रोमीटरनं माप घेऊन दाखवावं लागतं. त्यासाठी उत्पादनातली एक मशीन दोन तास मोकळी करून घेतलेली असते, सुपरवायझर उभा असतो. साडेबाराला ती मशीन पुन्हा कामाला लागली होती. मी आत जाऊन विनंती केली, पण चालू लॉट थांबवायला कुणी तयार होईना, आणि त्यांचंही चूक नव्हतं. त्याला जेवू घालून परत पाठवला. पुढची जागा आठ महिन्यांनी निघाली, तोवर तो पुण्याकडे गेला होता.

नंतर मी त्याचा प्रवास कागदावर मांडून पाहिला. मुक्कामी गाडी अगदी वेळेवर सुटली असती, तरी तो साडेदहाला पोचलाच नसता. जिंतूरहून जालना, जालन्याहून पुढं साठेक किलोमीटर, मग सगळं शहर ओलांडून वाळूज! त्याला गावातल्या कुणीतरी ‘चार तासांत जातो की’ म्हणून सांगितलं होतं. जीपनं एकदा गेलेल्या माणसाचे चार तास एसटीनं जाणाऱ्याला लागू होत नाहीत.

माझं म्हणणं सरळ आहे. सकाळी अकराच्या आतली मुलाखत असेल आणि घर जालन्याच्या पलीकडं असेल, तर आदल्या दिवशीच या. नातेवाईक नसतील तर गावचं कुणी ना कुणी वाळूजजवळच्या बजाजनगरात किंवा रांजणगावात खोली करून राहत असतंच. एका रात्रीला कुणी नाही म्हणत नाही. आणि मुक्कामी गाडीनंच यायचं असेल, तर ती रात्री आली की नाही हे झोपायच्या आधी जाऊन बघा. आली नसेल तर रात्रीच दुसरी सोय करता येते. आषाढीच्या दिवसांत तर जास्तच जपा, कारण डेपोतल्या बऱ्याच गाड्या पंढरपूरला लागतात.

बसस्थानक आलं म्हणजे कंपनी आली असं समजणं

ही चूक मी दर आठवड्याला बघतो. संभाजीनगरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर साडेनऊला उतरायचं, चहा घ्यायचा, आणि ‘पोचलो सर’ म्हणून फोन करायचा. तिथून वाळूज एमआयडीसी पंधरा किलोमीटरच्या आसपास आहे, वाटेत नगर नाका आहे, आणि सकाळी सगळे कामगार त्याच रस्त्यानं निघालेले असतात. रात्री अकराला मॅप उघडून जेवढी मिनिटं दिसतात, तेवढ्यात सकाळी कुणीही पोचत नाही.

त्यात वाळूज गाव वेगळं आणि वाळूज एमआयडीसी वेगळी. रिक्षावाल्याला नुसतं ‘वाळूज’ सांगितलं तर तो गावात नेऊन सोडतो, आणि तुम्ही एमआयडीसीच्या बरेच पुढं गेलेले असता. पत्त्यात प्लॉटच्या आकड्याआधी जे अक्षर असतं, ते सेक्टरचं. ते पाठ करा आणि जवळचा चौक कोणता हे आदल्या दिवशी कंपनीत फोन करून विचारा.

शेंद्रा एमआयडीसीत मुलाखत असलेली जालन्याकडची मुलं तर शेंद्रा ओलांडून थेट शहरात उतरतात आणि तेवढंच अंतर उलट जातात. शेंद्रा वाटेतच लागतं. चढतानाच कंडक्टरला विचारा, गाडी तिथं थांबते का.

गेटवर पोचल्यावरही वेळ जातो. रजिस्टर, आधार कार्ड, पास, आत फोन करून विचारणं, यात वीस मिनिटं सहज मोडतात. मी पोरांना एकच सांगतो: दहाची वेळ असेल तर साडेनऊला गेटवर.

झेरॉक्स आणि फोटो सकाळी काढू म्हणणं

दुकानं दहाला उघडतात. मुलाखत साडेनऊला असते. आदल्या दिवशी काढा.

‘मामा सोडतो म्हणाला’

मामाला त्याचं काम असतं.

रेल्वेची वेळ अगदी काठावर धरणं

परभणी ते संभाजीनगर रेल्वेमार्ग एकेरी आहे, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना एकच रूळ. क्रॉसिंगला गाडी थांबली की थांबली. वेळापत्रकातल्या वेळेत एक तास घालूनच पुढचा बेत करा.

‘रस्त्यातच आहे सर’

उशीर होणार हे कळल्याक्षणी फोन करा आणि खरं ठिकाण सांगा. ‘बदनापूरला आहे, दीड तास लागेल’ असं कळलं, तर मी दुसऱ्या मुलाला आधी मशीनवर घेतो आणि तुमचा नंबर शेवटी लावतो. हे मी कित्येकांसाठी केलंय. ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणून तास घालवणाऱ्यासाठी मला काहीच करता येत नाही. उशीर झाल्यावर कोणतं कारण सांगावं हे शिकवणारे व्हिडिओ मुलं बघतात, ते बघू नका. टायर पंक्चर झाल्याचं मी इतक्यांदा ऐकलंय की खरंच पंक्चर झालेल्या मुलावरही आता समोरच्याचा विश्वास बसत नाही.

परतीची गाडी डोक्यात ठेवून येणं

सकाळी वेळेवर आलेला, मशीनवर उत्तम काम केलेला मुलगा दुपारी तीनला उठून म्हणतो, ‘सर, गावाकडची गाडी आहे.’ मुलाखतीची शेवटची फेरी तेव्हा अजून बाकी असते, कारण प्लांटचे साहेब जेवणानंतर बसतात. कधीकधी पाच वाजतात. घरी निघतानाच सांगून या, की रात्री आलो नाही तर काळजी करू नका.