सिलिकोसिसमध्ये या चुका टाळा: खोकला थांबला म्हणजे फुफ्फुस बरे झाले असे नाही

दगड घडवणे, बोगदे खणणे, वाळूच्या झोताने धातू साफ करणे किंवा ओट्यांसाठी कृत्रिम दगड कापणे, ही कामे करणाऱ्यांच्या फुफ्फुसांत सिलिकाची बारीक धूळ साठते आणि त्यातून सिलिकोसिस होतो. छातीच्या विकारांच्या बाह्यरुग्ण विभागात मी असे रुग्ण अनेक वर्षे पाहत आलो आहे. त्यांच्या चुका इतक्या सारख्या असतात की, रुग्ण खुर्चीत टेकण्याआधीच त्याच्या पिशवीत काय निघेल याचा अंदाज येतो: सुरळी करून आणलेला एक्स-रे, मध्येच सोडून दिलेला इन्हेलर आणि होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांच्या दोन-तीन बाटल्या. त्या गोळ्यांपेक्षा, त्या सुरू करताना रुग्ण जे बंद करतो तेच त्याला अधिक महागात पडते.

बरे वाटण्यालाच बरे होणे समजणे

ही चूक मला सर्वांत जास्त छळते, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. सुमारे पाच मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण थेट वायुकोशांपर्यंत, म्हणजे फुफ्फुसांतल्या हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तिथल्या भक्षक पेशी ते कण गिळतात, पण त्यांना पचवू शकत नाहीत. पेशी मरते, कण मोकळा होतो, त्याला दुसरी पेशी गिळते, आणि या फेऱ्यात व्रणासारखे तंतू साचून गाठी तयार होतात. झालेल्या गाठी विरघळवणारे औषध आज कोणत्याही उपचारपद्धतीत नाही. याच धुळीने श्वासनलिकांनाही सूज येते आणि खोकला व कफ बहुतांशी त्या सुजेमुळे असतो. माणूस धुळीपासून दूर गेला की ही सूज काही आठवड्यांत ओसरते आणि खोकला कमी होतो. गाठी मात्र जागच्या जागी राहतात. पुष्कळदा तर धूळ थांबल्यानंतरही वाढत राहतात.

सोळा वर्षे कोरडा दगड घासणारा एक कारागीर माझ्याकडे आला होता. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजणाऱ्या चाचणीत, त्याची फुंकर २.६ लिटर भरली आणि एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागांत बारीक ठिपके दिसले. धुळीचे काम सोडा आणि तीन महिन्यांनी थुंकीचा नमुना घेऊन या, असे मी त्याला सांगितले. तो आलाच नाही. दुसरीकडे त्याला 'सिलिशिया २००' हे सिलिकापासून बनवलेले होमिओपॅथीचे औषध मिळाले आणि योगायोगाने त्याच वेळी त्याने दोन महिन्यांची रजा घेतली. खोकला गेला. लक्षणे गेली आहेत, आता एक्स-रेची गरज नाही, असे त्याला सांगण्यात आले आणि तो तोंडाला रुमाल बांधून पुन्हा त्याच घासणीच्या यंत्रावर उभा राहिला. चौदा महिन्यांनी तो परत आला तेव्हा फुंकर १.७ लिटरवर उतरली होती, वरचे ठिपके एकमेकांत मिसळून मोठा डाग झाला होता आणि थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. "डॉक्टर, खोकला तर पूर्ण गेला होता हो," असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी दोन्ही एक्स-रे उजेडाच्या पेटीवर शेजारी शेजारी लावले. त्याने डागावर बोट ठेवले आणि मग तो काहीच बोलला नाही. तीन महिन्यांनी तो आला नाही तेव्हा मी त्याला फोन करायला हवा होता, हेही इथे नोंदवतो.

तेव्हापासून मी खोकल्यावर विसंबत नाही. प्रत्येक भेटीत वजन आणि ऑक्सिजनची पातळी नोंदवतो, सहा मिनिटांत रुग्ण किती मीटर चालतो ते मोजतो, ठरलेल्या अंतराने स्पायरोमेट्री करतो आणि जुना एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय नव्यावर मत देत नाही. रुग्णांनो, जुनी फिल्म टाकून देऊ नका. पाकिटावर तारीख घालून ती सपाट ठेवा.

सिलिकाच्या आजारावर सिलिकाचीच गोळी

समानाने समानाचा उपचार होतो, हा होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १७९६ मध्ये मांडलेला विचार इथे फारच सोयीचा वाटतो, म्हणून या रुग्णांना सिलिशिया हमखास दिले जाते. पोटेन्सी म्हणजे औषध किती वेळा सौम्य केले त्याचा आकडा. दर वेळी शंभरपट असे तीस वेळा सौम्य केलेल्या ३० पोटेन्सीत मूळ पदार्थाचा एक भाग १ वर ६० शून्ये इतक्या भागांत विरलेला असतो. ६० ग्रॅम सिलिकात सुमारे ६ वर २३ शून्ये इतके रेणू असतात, म्हणजे १२ पोटेन्सीच्या आसपासच मूळ पदार्थ उरण्याची शक्यता संपत येते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये पुराव्यांचा आढावा घेऊन, होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजाराबाबत नाही, असा निष्कर्ष काढला.

तरीही गोळी घेणाऱ्याशी मी भांडत नाही. भांडलो तर तो बाटली लपवतो, आणि तिच्याबरोबर आणखी काय घेतो तेही लपवतो. बाटली टेबलावर ठेवायला सांगून मी तिचे नाव केसपेपरवर इतर औषधांच्या ओळीतच लिहितो आणि एकच अट घालतो: यासाठी दुसरे काहीही बंद करायचे नाही. नाव नसलेल्या पुड्यांबाबत मात्र मी कठोर आहे. पुडीने दोन दिवसांत भूक वाढली आणि दम कमी झाला, तर तिच्यात स्टेरॉइड असल्याचा संशय घ्यावा.

क्षयाच्या बाबतीत दोन उलट चुका

जंतूंशी लढणाऱ्या पेशीच सिलिकाने दुबळ्या होतात, त्यामुळे या रुग्णांना क्षयाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि काम सोडल्यावरही तो टिकतो. दोन्ही आजारांचे डाग बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात. मग काही डॉक्टर रुग्णाचे काम न विचारता आणि थुंकी न तपासता क्षयाची औषधे दोन-दोनदा देतात, तर काही जण खरा क्षय धुळीच्या नावावर ढकलून देतात. मी सध्याचे काम विचारून थांबत नाही. पहिल्या नोकरीपासूनची सगळी यादी लिहून घेतो, कारण धूळ सोडून वीस वर्षे झालेला माणूसही हा आजार घेऊन येऊ शकतो. सिलिकोसिसच्या रुग्णांत सुप्त क्षयसंसर्ग (जंतू शरीरात आहेत, पण आजार अजून जागा झालेला नाही अशी स्थिती) पद्धतशीरपणे शोधून त्यावर उपचार करावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मात्र त्याआधी सक्रिय क्षय नसल्याची खात्री करून घ्यावी लागते.

झटपट उपायांचा मोह

हा मोह केवळ रुग्णांना पडतो असे नाही. कॅनडातील ओंटारियोच्या खाणींत १९४३ पासून पाळीआधी कामगारांना अ‍ॅल्युमिनियमची भुकटी हुंगायला लावत, म्हणजे सिलिकोसिस टळेल अशी समजूत होती. हा प्रकार १९७९ पर्यंत चालला. संरक्षण मिळाल्याचे काही सिद्ध झाले नाही. उलट त्या भुकटीशी जोडलेल्या पार्किन्सनच्या आजाराला २०२२ मध्ये तिथे व्यावसायिक आजार म्हणून मान्यता द्यावी लागली. एका आठवड्यात फुफ्फुस साफ करणारी वाफ किंवा काढा सुचवणारा कोणी भेटला की मला ती भुकटी आठवते.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. रुमालाने ही धूळ अडत नाही. चेहऱ्याला घट्ट बसणारा योग्य दर्जाचा मास्क लागतो, आणि दाढीवर तो नीट बसत नाही. मास्कच्याही आधी पाणी सोडून दगड कापणे आणि धूळ उगमापाशीच खेचून घेणे आवश्यक आहे. कोरडा झाडू मारू नये, अंगावरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये आणि कामाचे कपडे घरी नेऊ नयेत. धूम्रपान सोडावे. इन्फ्लुएंझा आणि न्यूमोकोकसच्या लशी टाळू नयेत. श्वसनाचे व्यायाम कंटाळवाणे असतात म्हणून नवे रुग्ण दहा दिवसांत सोडून देतात, पण दम लागण्याची तक्रार कमी करण्यात त्यांचा खरोखर उपयोग होतो.

थुंकीत रक्त दिसले, संध्याकाळचा ताप दोन आठवडे टिकला किंवा वजन उतरू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता तपासणीस यावे. छातीच्या एकाच बाजूला अचानक कळ येऊन दम वाढला, तर फुफ्फुसाला छिद्र पडून बाहेर हवा साठलेली असू शकते. अशा वेळी कोणतीही गोळी तोंडात न टाकता तडक मोठ्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे आणि जुना एक्स-रे सोबत न्यावा.